धुऱ्यावरून आलेलं इंटरनेट

शेतकऱ्याशी लग्न करणारी गणिताची बाई म्हणून मी आमच्या नातेवाइकांत बरेच दिवस चर्चेचा विषय होते. मावश्यांनी मला समोर बसवून विचारलं होतं, की एमएस्सी झालेल्या मुलीने दारव्हा तालुक्यातल्या एवढ्याशा गावात जाऊन करायचं काय? मी म्हटलं, गणित शिकवायचं. नागपूरच्या ज्या शिकवणी वर्गात मी दहावीच्या मुलांना शिकवत होते, तेच काम आता गावात घरी बसून, लॅपटॉपवरून करणार होते. मावश्या हसल्या. मला राग फार पटकन येतो. त्या रागाच्या भरात आमचं लग्न दोन महिने आधीच उरकलं, असं माझा नवरा अजूनही म्हणतो.

शिकवणी वर्गाच्या संचालकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मला एक महिना दिला. उन्हाळी तुकडीचा रोज संध्याकाळी पाच ते सहाचा वर्ग मी गावातून घ्यायचा. शेवटच्या दिवशी ते स्वतः वर्गात बसणार. वर्ग न तुटता चालला तर काम कायम. नाही चालला तर नागपूरला येऊन फळ्यासमोर उभं राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. नागपूरला राहायचं म्हणजे नवरा इथे आणि मी तिथे. त्याने शेती सोडून माझ्यामागे यावं असं मला चुकूनही वाटत नव्हतं आणि नोकरी सोडून मी रोज भाकरी थापत बसेन असं त्याला वाटत नव्हतं. मला नोकरीही हवी होती आणि घरही. यात जास्तीचं काय मागितलं, हे मला आजही कळलेलं नाही.

पहिला आठवडा मी मोबाइलच्या भरवशावर काढला. आमच्याकडे मोबाइलच्या इंटरनेटला कोणी इंटरनेट म्हणत नाही, ‘टावर’ म्हणतात. ‘टावर हाय का?’ ‘आता होता, गेला.’ आमच्या घरात हा टावर फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला सापडायचा. एप्रिल महिना. पाच वाजले तरी स्लॅबवर पाय ठेववत नसे. सासूबाई चार वाजताच बादल्याबादल्यांनी पाणी मारून ठेवायच्या, सतरंजी टाकायच्या आणि टाकीला टेकून मी शिकवायला बसायचे. डोक्यावर ओढणी, मांडीवर लॅपटॉप, विटेवर उभा केलेला मोबाइल.

दुपारी तीनला हाच टावर झकास चालायचा. पाच वाजता लोक वावरातून परत यायचे, हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि गावातला एकूण एक मोबाइल खिशातून बाहेर निघायचा. कोणाचा क्रिकेटचा सामना, कोणाच्या लग्नाचे व्हिडिओ. त्यात वीज गेली की थोड्या वेळाने टावरही मान टाकायचा. मी समीकरणाच्या दोन्ही बाजूंत समान संख्या मिळवायला हात वर करायचे आणि तिकडे पन्नास पोरांच्या पडद्यावर तशीच थिजायचे, हात वर, तोंड उघडं. एका मुलाने त्या उघड्या तोंडाचं स्टिकर करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. स्टिकर चांगलं जमलं होतं, पण मी त्याला चांगलंच झापलं. आठवड्याच्या शेवटी संचालकांचा फोन आला. ‘मॅडम, असं नाही चालायचं.’

घरात सगळे माझी समजूत काढत होते, की थोडं थोडं चालतं तर आहे. ‘थोडं थोडं चालतं’ या वाक्याची मला चीड आहे. गणितात उत्तर थोडं थोडं बरोबर नसतं. मी त्या दिवशी जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं हे बोलले आणि मग नवीन सून म्हणून जीभ चावली. माझे सासरे शांतपणे जेवत होते. त्यांना मी मामाजी म्हणते. मामाजी बोलायला कंजूस माणूस. त्यांनी विचारलं, ‘दुपारी चालते अन् सांजेले काहून नाई चालत?’

मी समजावून सांगितलं. टावर एकच, त्याचं सगळ्या गावाला मिळून वाटप होतं. माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. त्यात भिंत, झाड, वारा, वीज, सगळ्यांचा त्रास. घरगुती ब्रॉडबँड म्हणजे वेगळी वायर थेट आपल्या घरात येते, घरात एक डबा बसतो, त्याच्यावर गावातल्या गर्दीचा असा परिणाम होत नाही.

मामाजींनी घास गिळला. ‘म्हन्जे टावर कोरडवाहू हाय. पडला त पडला. तुले ओलीत पाह्यजे.’

मोबाइल आणि ब्रॉडबँड यांतला फरक मी त्याआधी निदान डझनभर व्हिडिओंत ऐकला होता. इतका नेमका कोणीच सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दारव्ह्याहून केबलवाल्याला गाठलं. त्याने मोटरसायकलवरून गावाला चक्कर मारली आणि मान हलवली. वायर डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत आलेली होती. तिथून आमच्या गावाचा रस्ता रुंदीकरणासाठी रोज जेसीबीने खोदला जात होता, त्या कडेने वायर आठ दिवसही टिकली नसती. विजेच्या खांबांवरून न्यायची परवानगी नव्हती. ‘वावरातून आणतो,’ तो म्हणाला, ‘पन बल्ल्या तुमी गाडाच्या, अन् ज्याच्या ज्याच्या धुऱ्यावरून वायर जाईल त्याचा होकार तुमी आनाचा.’

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली पट्टी. चालायला, गवत वाढायला आणि भांडायला. फाट्यापासून घरापर्यंत पाच धुरे लागत होते. चार आमचे किंवा भाऊबंदांचे. पाचवा लागत होता शेजारच्या काकाजींच्या आणि आमच्या वावरामधला, आणि त्या धुऱ्यापायी मामाजी आणि काकाजी अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण दोन तासांचं होतं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी जातील एवढ्या जागेचं. मोजणी दोनदा झाली होती. पहिली मामाजींना पटली, दुसरी काकाजींना. आमच्या लग्नात अख्खं गाव जेवलं, काकाजींचं घर सोडून. मी सून म्हणून घरात आले त्याच आठवड्यात मला सासूबाईंनी कोणाच्या दारासमोरून जाताना पदर सावरून सरळ पुढे निघायचं ते दाखवून ठेवलं होतं.

मी विचारलं, नाल्याच्या बाजूने वळवून आणता येईल का? केबलवाला म्हणाला, तेवढी वायरही नाही आणि तेवढा वेळही नाही. त्या दुपारी मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. खोटं कशाला सांगू, नवऱ्याशी भांडलेही. बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता, पण समोर तोच होता.

सकाळी चहा झाल्यावर मामाजींनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि कोणाला काही न सांगता निघाले. तासाभराने परत आले. ओट्यावर बसून त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि म्हणाले, ‘हो म्हनला थो.’

‘कोन?’ सासूबाई.

‘थोच.’

‘काय बोलले तुमी त्याच्यासंग?’

‘काय बोलाचं? हो म्हनला.’

सासूबाईंनी तीनदा तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. चौथ्यांदा त्या कंटाळल्या. मी मात्र हवेत होते. मला वाटलं, शिक्षणापुढे जुनी वैरं अशी विरघळतात. काकाजी माझं शिकवणं ऐकून प्रभावित झाले असणार, असंही मला वाटलं. मी नवऱ्याला तसं म्हणालेसुद्धा. तो विषय बदलून बल्ल्या कुठून आणायच्या ते सांगायला लागला, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही.

मग चार दिवस आमच्या घरची माणसं दुसरं काही करत नव्हती. बांबूच्या आणि बाभळीच्या बल्ल्या आल्या, खड्डे खणले गेले. नवरा खांद्यावर बल्ली घेऊन धुऱ्यावरून चालायचा आणि मामाजी मागून एक डोळा मिटून रेघ सरळ आहे का ते बघायचे. केबलवाल्याने वायर ओढली, घराच्या भिंतीला भोक पाडलं, कपाटावर डबा बसवला. डब्यावरचा दिवा आधी लाल होता, मग चमचमला, मग हिरवा झाला. सासूबाईंनी डब्याला हळदीकुंकू लावलं. वीज गेली तर दिवा मरू नये म्हणून नवऱ्याने जुना इन्व्हर्टर दुरुस्त करून त्याला जोडून दिला.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा आतल्या खोलीत, पंख्याखाली, खऱ्या फळ्यासमोर उभी राहून शिकवलं. पोरांचे चेहरे हलत होते. कोण जांभई देतं, कोण खाली बघून दुसरंच काही करतं, सगळं दिसत होतं. तासभरात आवाज एकदाही तुटला नाही. बाहेर क्रिकेटचा सामना सुरू होता आणि अख्खं गाव त्यात बुडालेलं होतं, पण माझ्या वायरीला त्याचं काही नव्हतं. मोबाइल वाईट असतो असं मी म्हणणार नाही. तो माझ्या नवऱ्याबरोबर वावरात जातो, बाजारात जातो, वायर मात्र दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पण जिथे ती आहे तिथे ती ठामपणे आहे, आणि मला माणसंही तशीच आवडतात.

ओट्यावर कोणी आलं की सासूबाई आवाज खाली करून सांगायच्या, ‘हळू बोल व. आमची सून आतमदी नागपूर शिकवून राह्यली.’ मी ते भिंतीआडून ऐकायचे आणि माझा खडू दोन बोटं वर चालायचा. मावश्यांना मुद्दाम व्हिडिओ कॉल करून मी फळा दाखवला, पंखा दाखवला, डबाही दाखवला. गर्व झाला होता म्हणा. होताच.

अडीच आठवडे असे गेले आणि शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनच्या सुमारास मी संध्याकाळची उदाहरणं लिहून काढत होते, तेवढ्यात डब्यावरचा दिवा लाल झाला. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. काकाजींच्या शेतातून ट्रॅक्टरची ट्रॉली निघाली होती, कुटाराने भरलेली. गुरांसाठी साठवायचा हा भुसा आमच्याकडे ट्रॉलीवर भरतात तो मजल्याएवढा उंच, दोऱ्या बांधून. आमच्या बल्ल्या होत्या माणूस खालून जाईल एवढ्या अंदाजाच्या. ट्रॉली धुरा ओलांडून गेली आणि वायर तोडून घेऊन गेली.

नवऱ्याने केबलवाल्याला फोन लावला. तो दुसऱ्या गावात खांबावर चढलेला होता. उद्या सकाळशिवाय जमणार नाही म्हणाला. मी स्लॅबवर धावले. तिथून धुरा दिसत होता. धुऱ्यावर दोन टोप्या एकमेकींना टेकल्यासारख्या झाल्या होत्या. मामाजी आणि काकाजी उकिडवे बसून काहीतरी करत होते. अकरा वर्षं ज्यांनी एकमेकांची सावली टाळली, ते एकाच वायरची दोन टोकं धरून बसले होते. मी डोळे चोळून पुन्हा बघितलं.

चारला दोघंही घामाघूम होऊन अंगणात आले. काकाजी आमच्या अंगणात! सासूबाई गडबडून पाण्याचा तांब्या विसरल्या. मामाजींच्या हातात पक्कड आणि काळ्या टेपची गुंडाळी.

‘झालं,’ मामाजी म्हणाले. ‘पक्का जोड मारला. लाव आता.’

दिवा लाल.

‘पुन्ना लाव.’

लाल.

मला चूक कळली. आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने विहिरीवरच्या मोटरची वायर आयुष्यात शेकडो वेळा जोडलेली असते. वरचं आवरण सोलायचं, तारांना पीळ द्यायचा, टेप गुंडाळायची, मोटर सुरू. या दोघांच्या हातांना जगात अशी एकही वायर भेटली नव्हती जी पीळ दिल्यावर ऐकत नाही.

‘मामाजी, यात तांब्याची तार नसते,’ मी म्हणाले. ‘आत काच असते. केसासारखी. तिच्यातून उजेड जातो. पीळ दिला की ती तुटते. ती जोडायचं यंत्र वेगळं असतं.’

‘काच?’ काकाजी दचकले. ‘म्या दातानं सोलली व पोरी थे!’

मला हसू फुटलं. मी आधी हसले आणि मग तिथेच ओट्यावर बसून रडायला लागले. दोन्ही म्हातारे माझ्यासमोर अपराध्यासारखे उभे. काकाजी म्हणत होते, ट्रॉली माझी, चूक माझी. मामाजी दारातून त्या लाल दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी काकाजींच्या खांद्याला हात लावला, काहीतरी बोलले आणि दोघं बाहेर निघून गेले.

मी तोंड धुतलं, लॅपटॉप उचलला आणि पुन्हा स्लॅबवर, टाकीच्या अंगाला. मोबाइल विटेवर उभा केला. पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. संचालक वर्गात आले होते, त्यांचा चेहरा दिसला, हलला आणि थिजला. गावातल्या ओट्यांवर लोक बसायला लागले होते. मी ओठ चावून बसले.

आणि मारुतीच्या देवळावरचा भोंगा खरखरला. हा भोंगा भजनाला वाजतो, पोलिओच्या डोसाला वाजतो आणि कोणाची बकरी हरवली तर वाजतो. आवाज काकाजींचा होता.

‘ऐका हो, गावातल्या समद्याइले सांगून राह्यलो. आपल्या सूनबाईची आज नागपूरवाल्याइसमोर परीक्षा हाय. पाच ते सहा कोनी मोबाइलवर काईच पाहाचं नाई. एक घंटा टावर तिच्यासाठी सोडा. सामना उद्या बी हाय. जो पाहीन त्याच्या घरी मी येऊन बसतो!’

स्लॅबवरून मला अर्धं गाव दिसत होतं. आधी हशा पिकला. मग एकेक मोबाइल खिशात जायला लागला. पारावरच्या पोरांनी आपले मोबाइल मधे ढीग करून ठेवले आणि त्याच्याभोवती राखण बसल्यासारखे बसले. मामाजी घरोघर फिरत होते, दारात उभे राहून एकच वाक्य बोलत होते, पुढे जात होते. मी पडद्याकडे पाहिलं. संचालकांच्या चेहऱ्याने पापणी लववली.

मी शिकवायला सुरुवात केली. त्रिकोण, समरूपता, गुणोत्तरं. आवाज गेला नाही, चित्र थिजलं नाही. साडेपाचला, मी नेमकी सिद्धतेच्या मधोमध असताना, भोंगा पुन्हा बोंबलला, ‘अजून अर्धा घंटा हाय! कोनी लावू नका!’ ते नागपूरपर्यंत ऐकू गेलं. संचालकांनी विचारलं, ‘मॅडम, हे काय चाललंय?’

मी म्हणू शकले असते, की लग्नाची वरात आहे. त्याआधी मी मुलांसमोर गावाचा विषय टाळतच होते. त्या दिवशी मात्र माझी मान ताठ झाली. ‘सर, माझी ब्रॉडबँडची वायर दुपारी तुटली. हा मोबाइल आहे. आणि माझा वर्ग तुटू नये म्हणून माझ्या गावाने तासभर आपापले मोबाइल बंद ठेवलेत.’

एक क्षण सगळं स्तब्ध. मला वाटलं, गेला टावर. मग पडद्यावर पोरं टाळ्या वाजवताना दिसली. सहा वाजता संचालक एवढंच म्हणाले, ‘जूनपासून तुमच्याकडे दोन तुकड्या. वायर तेवढी दुरुस्त करून घ्या.’

दुसऱ्या दिवशी सकाळी केबलवाला आला. त्याने काळ्या टेपचा तो जोड बघितला आणि हसत हसत खाली बसला. मग जोडायचं यंत्र काढलं. काकाजींनी पहाटेच आपल्याकडचे उंच बांबू आणून टाकले होते, ट्रॉली खालून जाईल असे. मी सगळ्यांसाठी वावरात चहा घेऊन गेले. मामाजी जरा लांब, बांबूसाठी खड्डा खणत होते. मी काकाजींना चहा दिला आणि मनापासून म्हणाले, ‘काकाजी, तुम्ही पहिल्याच दिवशी हो म्हणालात म्हणून हे झालं. भांडण असून तुम्ही मोठं मन दाखवलंत.’

काकाजींनी पेला तोंडापासून लांब केला. ‘तुले सांग्तलं नाई त्यानं?’

‘काय?’

‘थो आला त बसला बी नाई, उभाच राह्यला. मले म्हने, धुरा तुहा. मोजनी तुही खरी. फक्त माह्या सुनेची वायर जाऊ दे. म्या म्हनलं, अरे वायरीले कोन नाई म्हनते, धुरा राहू दे जसा हाय तसा. पन थो कायचा ऐकते. त्याच सांजेले त्यानं दोन तासं सोडून देल्ले.’

मी मागे वळून पाहिलं. रोज भूमिती शिकवणारी बाई मी, आणि तीन आठवडे मला ते दिसलं नव्हतं. आमचं वावर नांगरून झालेलं होतं, पण बल्ल्यांच्या रांगेपासून अलीकडे दोन ओळींची जागा तशीच कोरी सोडलेली होती. बल्ल्या सगळ्या आमच्या जुन्या हद्दीच्या आत उभ्या होत्या. ती हद्द आता आमची नव्हती. मी बढाया मारत फिरत होते, की माझ्या शिक्षणाने वैर मिटलं.

मामाजी कुदळ ठेवून चहाला आले. मी पेला त्यांच्या हातात दिला, पण माझा हात सुटेना.

‘मामाजी, अकरा वर्षं भांडलात ना त्या दोन तासांसाठी?’

त्यांनी काकाजींकडे एकदा रागाने बघितलं, सांगितल्याबद्दल. मग चहाचा घोट घेतला.

‘दोन तासं गेले,’ ते म्हणाले. ‘तू त राह्यली न घरी.’

आमच्याकडे सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही. मी बसले. चार लोकांच्या देखत, त्यांच्या अगदी जवळ, काकाजींच्या धुऱ्यावर. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटत होता, की उभं राहणं शक्यच नव्हतं.